गांधीजींच्या सभेतला कर्णेवाला

लातूरच्या घरी नातवाच्या कॉम्प्युटरला स्पीकर जोडून देत होतो, तेव्हा नानिक मोटवाने आठवले. नाव ओळखीचं वाटत नसेल; पण गांधी-नेहरूंच्या सभांचे जुने फोटो काढून बघा. पुढ्यातल्या माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पट्टी दिसेल. ती यांची. नाव परदेशी असलं तरी कंपनी इथलीच. वडील ग्यानचंद यांनी १९०९ साली सिंधमध्ये सक्करला धंदा मांडला आणि पुढे तो मुंबईला आणला.

गांधीजींचा आवाज बारीक. हजारोंच्या सभेत मागच्यांना दर्शन घडे, भाषण नाही. तरुण नानिकना हे डाचलं. १९३१च्या कराची अधिवेशनात त्यांचे कर्णे लागले आणि मग काँग्रेसच्या सभा म्हटल्या की मोटवाने आलेच. कित्येक वर्षं त्यांनी याचे पैसे घेतले नाहीत. माझी हयात बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली, त्यामुळे पट्टीची जाहिरात होत होती हे मला दिसतं. पण सरकारचा रोष ओढवून घेणारी जाहिरात कोण करतो?

कर्ण्याचं काम तसं साधं. बुडाशी लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला पातळ पडदा. माइकमधून आलेली वीज वाढवून वेटोळ्यात सोडली की ते थरथरतं आणि पडदा हवा हलवतो. कर्ण्यामुळे थोड्या विजेत आवाज लांब जातो, मात्र खर्ज मरतो. नांदेडकडच्या मंडळींनी माळेगावच्या जत्रेतला कर्णा आठवावा! नातवाच्या डबीतही तेच चुंबक, तेच वेटोळं. कर्ण्याऐवजी कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू, आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची वीज करणारी चिप. दोन डब्यांसोबत खाली ठेवायचा तिसरा मोठा डबा घेतला तर खर्ज तो सांभाळतो. दुकानदार त्याला 'टू पॉइंट वन' म्हणतात. नुसतं बोलणं ऐकायचं असेल तर दोन डब्या पुरतात.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, तेव्हाही यंत्रणा शिकागो रेडिओची होती. पुढारी तुरुंगात गेले. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याला सामग्री आणि जाणकार माणसं मोटवान्यांकडून मिळाली. १२ नोव्हेंबरला धाड पडली. नानिकनाही अटक झाली, खटला उभा राहिला. उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली, नानिक सुटले. भरल्या धंद्यावर त्यांनी काय पणाला लावलं होतं, ते मला ताळेबंद वाचायची सवय असल्यामुळे जास्तच जाणवतं.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सभांनाही तीच पट्टी राहिली. तिथली भाषणं नानिक फितीवर उतरवून जपून ठेवत.