मुलगा नगरच्या छावणीत, आई मद्रासला : तान्ह्या लेकरांचे हात ओळखणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी

जून १९४०. इटलीने दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध उडी घेतली आणि भारतात असलेले इटालियन लोक सरकारच्या लेखी एका रात्रीत शत्रू झाले. त्यांची धरपकड सुरू झाली. त्यात मारिओ मॉन्टेसरी नावाचा ४२ वर्षांचा एक माणूस होता. त्याला आणून ठेवलं ते आपल्या अहमदनगरच्या छावणीत, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला.

त्याचा गुन्हा काहीच नव्हता. शिक्षकांना शिकवायला मद्रासला आलेल्या म्हाताऱ्या आईच्या मदतीला तो आला होता. आई सत्तरीला टेकलेली. तिला कैदेत टाकलं नाही, पण मद्रासजवळच्या अड्यार इथल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवाराबाहेर पाऊल टाकायला बंदी घातली.

ती आई म्हणजे डॉ. मारिया मॉन्टेसरी. आज तालुक्याच्या गावातही बालवाडीच्या पाटीवर हे नाव दिसतं. पण हे एका बाईचं आडनाव आहे आणि त्या बाईचा पोरगा नगरला कैदेत होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

डॉक्टर व्हायचं ठरवलं

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. इटलीत अँकोना शहराजवळ किआरावाले नावाचं गाव आहे, तिथला. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनाची आवड असलेली. मारिया एकुलती एक. पोरीने शिक्षिका व्हावं असं घरच्यांना वाटायचं, कारण त्या काळात शिकलेल्या बाईला तेवढीच वाट मोकळी होती. मारियाला ते नको होतं. आधी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत शिकली, नंतर डॉक्टरकीचा हट्ट धरला. वडिलांना ते पसंत नव्हतं, आई मात्र पाठीशी राहिली.

रोमच्या विद्यापीठात पुरुषांच्या वर्गात ही एकटी पोरगी. पुरुषांसोबत बाईने मृतदेहाची चिरफाड करणं तेव्हा वंगाळ मानलं जाई. म्हणून सगळे घरी गेल्यावर संध्याकाळी एकटीने प्रेतांसोबत खोलीत थांबून ती शिकली. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या महिला डॉक्टरांत तिचं नाव लागतं.

फरशीवरचे पावाचे तुकडे

कामाच्या निमित्ताने ती रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळात जायची. तिथे मतिमंद ठरवलेली पोरं मोठ्या रोग्यांसोबत कोंडून ठेवलेली असत. जेवण झालं की ही पोरं फरशीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसत. सांभाळणाऱ्यांना वाटायचं, पोरं अधाशी आहेत. मारियाने नीट पाहिलं. पोरं तुकडे नुसती खात नव्हती, हातात घोळवत होती. त्या खोलीत हात लावायला दुसरी एकही वस्तू नव्हती. पोटाची भूक भागली होती, हाताची राहिली होती.

इथून तिच्या कामाला दिशा मिळाली. फ्रान्समधल्या इटार्ड आणि सेगाँ या दोन डॉक्टरांनी अशा मुलांसाठी जुनं काम करून ठेवलं होतं, ते तिने शोधून वाचलं. मग मण्यांच्या, लाकडाच्या, कापडाच्या वस्तू करून पोरांच्या हातात दिल्या. पुढे त्यातली काही पोरं लिहा-वाचायला शिकून साध्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने परीक्षा पास झाली. लोकांनी तिचं कौतुक केलं. तिला मात्र दुसराच प्रश्न पडला. मागे पडलेली पोरं इथवर येतात, तर धडधाकट पोरं शाळेत बाकाला खिळवून ठेवल्यामुळे किती मागे राहत असतील?

पोटचं पोर दुसऱ्याच्या घरी

याच काळात तिच्या आयुष्यात मोठं दुःख आलं. सोबत काम करणाऱ्या डॉ. मोंतेसानो यांच्यापासून तिला मूल झालं. ३१ मार्च १८९८ ला मारिओ जन्मला. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. गोष्ट बाहेर फुटली असती तर बाईची डॉक्टरकी संपली असती. तान्हं बाळ रोमजवळच्या खेड्यात एका कुटुंबाकडे सांभाळायला दिलं गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं.

मारिया अधूनमधून पोराला भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. साऱ्या जगाला बालपण समजावून सांगणाऱ्या या बाईला आपल्या पोराचं रांगणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द रोजच्या रोज पाहता आला नाही. तिची आई वारल्यानंतर, १९१३ च्या सुमारास, मारिओ तिच्याकडे राहायला आला. तोवर तो १५ वर्षांचा झाला होता. तरी चारचौघांत ओळख करून देताना तो कितीतरी वर्षं भाचा नाहीतर मानलेला मुलगाच राहिला.

झोपडपट्टीतलं बालघर

६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालघर सुरू झालं. त्यामागचं कारण साधं होतं. वस्तीतले आई-बाप दिवसभर मजुरीला जायचे. मागे राहिलेली पोरं जिने-भिंती खराब करायची. इमारतीच्या मालकांना वाटलं, पोरांना एका खोलीत गोळा करून कुणीतरी सांभाळावं. ते काम मारिया यांच्याकडे आलं. पन्नासेक पोरं, प्रशिक्षित शिक्षिका नाही, पैसाही बेताचाच.

मारिया यांनी पोरांच्या उंचीच्या छोट्या खुर्च्या आणि टेबलं करून घेतली. वस्तू ठेवल्या आणि बाजूला बसून पाहत राहिल्या. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहान-मोठी दंडगोलं बसवत होती. काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. भोवती इतर पोरांनी गाणं म्हटलं, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचं लक्ष हललं नाही. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग झोपेतून ताजंतवानं उठावं तशी हसत उठली. लहान पोराचं लक्ष एका जागी टिकत नाही, ही समजूत तिथे खोटी पडली. हाताला पोरासारखं काम मिळालं की लक्ष आपोआप टिकतं, हे मारिया यांच्या ध्यानात आलं.

एकदा त्यांनी पोरांना शेंबूड आवाज न करता रुमालाने कसा पुसायचा ते दाखवलं. पोरं खदखदून हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शेंबड्या म्हणून सगळे हिणवायचे, पण पुसायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं. लेकराला मान हवा असतो, हेही तिथे कळलं.

या कामाची कीर्ती जगभर गेली. पण पुढे मुसोलिनीच्या राजवटीत इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत हिटलरनेही बंद केल्या. स्पेनमध्ये आसरा घेतला तर तिथे १९३६ ला यादवी युद्ध पेटलं. तिथून हॉलंड. आणि १९३९ मध्ये भारत.

भारतात नजर गेली तान्ह्या बाळांकडे

तोवर त्यांचं बहुतेक काम तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर होतं. भारतातल्या मुक्कामात, अड्यारला आणि नंतर कोडाईकॅनॉलला, त्यांचं लक्ष जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांकडे जास्त वळलं. कडेवर पोर घेऊन बाजारात, कामावर जाणारी आई त्यांनी पाहिली. आईचं भाजी घेणं, भाव करणं, शेजारणीशी बोलणं हे सगळं ते पोर टक लावून पाहतं. श्रीमंत घरात दाईच्या हवाली करून वेगळ्या खोलीत ठेवलेल्या बाळापेक्षा हे पोर जगाच्या जास्त जवळ असतं, असं त्यांनी मांडलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पहिल्या तीन वर्षांत पोर शिकवून शिकत नाही, ते टिपून घेतं. पहिल्या पावसात कोरडी जमीन पाणी पिते तसं. म्हणूनच कुठलाही मास्तर नसताना ते आईची बोली तिच्या हेलासकट उचलतं.

दुसरं म्हणणं हालचालीबद्दल. अंग वेगळं आणि डोकं वेगळं असं लहान पोरात नसतं. सहाएक महिन्यांच्या आसपास बाळ ठरवून वस्तू पकडू लागतं. आधी हात नुसता लागायचा, आता डोळा बघतो, मन ठरवतं आणि हात जातो. हा विचारच आहे, फक्त तो हाताने चाललेला असतो. मग बसणं, रांगणं, धरून उभं राहणं आणि साधारण वर्षाच्या पुढे-मागे चालणं. एखादं पोर महिना-दोन महिने लवकर, एखादं उशिरा, पण क्रम बहुतेकांचा हाच.

पाय चालू लागले की हात मोकळे होतात. दीड वर्षाचं पोर मुद्दाम जड तांब्या उचलतं, उंबरा चढतं-उतरतं, डब्याचं झाकण दहा वेळा लावतं-काढतं. घरच्यांना तो उच्छाद वाटतो. मारिया यांच्या मते तो त्याचा अभ्यास असतो. म्हणून तान्ह्याला कपड्यात करकचून बांधू नये, जमिनीवर मोकळं सोडावं, त्याच्यासोबत चालताना आपली चाल त्याच्याएवढी करावी आणि जे त्याचं त्याला जमतंय त्यात हात घालू नये, असं त्या सांगत.

पोराचा हट्टही त्यांनी वेगळ्या नजरेने पाहिला. सहा महिन्यांच्या एका मुलीची गोष्ट त्या सांगत. पाहुण्या बाईने छत्री टेबलावर ठेवली आणि मुलगी रडायला लागली. छत्री हवी असेल म्हणून दिली, तर तिने ढकलली. आईने छत्री खोलीबाहेर नेली आणि मुलगी गप्प झाली. छत्रीची जागा टेबल नाही, एवढंच तिला सलत होतं. बोलता न येणारं पोरही वस्तूंची जागा मनात धरून असतं.

वाढदिवसाची भेट

नगरच्या छावणीतले मारिओचे दिवस फार लांबले नाहीत. ३१ ऑगस्ट १९४० ला मारिया ७० वर्षांच्या झाल्या. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून सरकारने मुलाला सोडलं होतं. चाळीस वर्षं ज्याची ओळख लपवावी लागली, त्याला त्या तारेत थेट मुलगा म्हटलं होतं. तान्हा असताना गमावलेलं आणि नगरच्या छावणीत दुसऱ्यांदा हातचं गेलेलं पोर आईकडे परत आलं.

मारिओची चार मुलं मात्र हॉलंडलाच राहिली होती, युद्ध संपेपर्यंत त्यांची भेट नव्हती. मायलेकांनी भारतात काम चालूच ठेवलं. मारिया इटालियनमध्ये बोलायच्या, मारिओ इंग्रजीत सांगायचा. हजाराहून जास्त शिक्षक इथे तयार झाले. १९४६ ला ते युरोपात गेले आणि पुढे पुन्हा भारतात आले. इथल्या व्याख्यानांवरून झालेलं बालमनावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९४९ मध्ये अड्यारलाच छापलं गेलं.

बोर्डीपासून अंगणवाडीपर्यंत

मॉन्टेसरी पद्धतीत अडचणही होती. तिची साधनं महाग, आणि ती ठरल्याप्रमाणेच वापरावीत असा मारिया यांचा आग्रह. खेड्याला ते परवडणारं नव्हतं. गुजरातेत गिजुभाई बधेका आणि आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी त्यातून वाट काढली. ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ आल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. त्या १९७३ मध्ये गेल्या. तारीख ३१ ऑगस्टच, मारिया यांच्या वाढदिवसाची.

मारिया मॉन्टेसरी ६ मे १९५२ ला हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी वारल्या. त्यांच्या मागे मारिओने आयुष्यभर त्यांचं काम पुढे नेलं.

आज मॉन्टेसरीच्या नावाने शहरात हजारोंची फी घेतली जाते. सुरुवात मात्र मजुरांच्या पोरांपासून झाली होती. त्यांचं सांगणं आचरायला पैसा लागत नाही. स्वच्छ झाडलेली जमीन, चार वाट्या, एक डबा, नाकात-घशात जाणार नाहीत अशा मोठ्या वस्तू आणि नजर ठेवायला घरचं एक माणूस एवढं पुरतं. रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाईल दिला की ते गप्प होतं खरं, पण त्याच्या हाताला तिथे एका बोटाचंच काम उरतं. डबा दिला तर दोन्ही हात, डोळे आणि डोकं एकदम कामाला लागतात. आवाज तेवढा होतो, तो सोसावा लागतो.