फादर स्टीफन्स : चाळीस वर्षांचा परदेशवास

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत परदेशातून आलेल्या मिशनरी धर्मगुरूंच्या नित्य जीवनाविषयी काही लिहावे, अशी मंडळींची इच्छा पडली. सव्हॉय प्रांतातून संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाचे जे धर्मगुरू नागपूर-वऱ्हाडात आले आणि ज्यांच्या श्रमांवर पुढे १८८७ साली नागपूरचा व १९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत उभा राहिला, त्यांची हकीकत ह्या पुस्तिकेत अन्यत्र येत आहे. आम्ही मात्र वाचकांस त्यांच्याहूनही अडीचशेहून अधिक वर्षे मागे नेणार आहोत. कारण स्वदेश सोडून येथे येणे, येथील भाषा शिकणे आणि येथेच देह ठेवणे ह्या तिन्ही गोष्टी ज्याच्या चरित्रात एकत्र पाहावयास मिळतात, असा पहिला परदेशी आम्हा मराठी माणसांच्या ओळखीचा आहे. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. शाळेच्या पुस्तकात त्याने केलेली मराठीची स्तुती पुष्कळांनी पाठ केली असेल. परंतु ज्याने ती केली त्याचे दिवस कसे जात, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथलिक राहणे म्हणजे दंड, तुरुंग आणि प्रसंगी फास असे ते दिवस होते. थॉमस पौंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी त्यांचे सख्य जमले. दोघांनी येशूसंघाच्या पूर्वेकडील कार्याची वृत्ते वाचली आणि रोमला जाऊन संघात शिरावे असा बेत केला. तत्पूर्वी काही काळ स्टीफन्स पौंडचा नोकर म्हणून वेष पालटून हिंडत होते. ऐन निघण्याच्या वेळी पौंड पकडला गेला. पुढे त्याने जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच निघाले व १५७५ च्या ऑक्टोबरात रोम येथे संघात दाखल झाले. तेथूनही ते मित्रास विसरले नाहीत. त्यांनीच खटपट करून तुरुंगातील पौंडला पत्रद्वारे संघात घेवविले. एकाच घरातून निघू पाहणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाच्या वाट्यास कोठडी आली, दुसऱ्याच्या वाट्यास साष्टी.

हिंदुस्थानात कोणी त्यांस पाठविले नाही. त्यांनी स्वतः मागून घेतले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला, त्यात ते होते. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. म्हणजे सहा महिने वीस दिवस पाण्यावर. तेथून त्यांनी वडिलांस सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लुइट ह्याच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. त्यात गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडून जहाजे खोळंबल्याचे, उत्तमाशा अंतरीपाच्या वादळी वाऱ्यांचे, ताजे अन्न न मिळाल्याने हिरड्या सुजून माणसे मरू लागल्याचे वर्णन आहे. एका जहाजावर सत्तावीस माणसे दगावली, आणि ती संख्या इतर खेपांच्या मानाने थोडीच समजली जात असे! आजारी पित्यास धीर यावा म्हणून लिहावे तसे ते पत्र नाही. व्यापाऱ्याच्या मुलाने व्यापारी बापाला वाटेचा हिशेब द्यावा तसे आहे. आम्हांला ते फार आवडते. आपण कोणत्या मोठ्या कार्यास निघालो आहोत ह्याविषयी त्यात मोठाले शब्द जवळजवळ नाहीत.

गोव्याच्या दक्षिणेस झुवारी नदीपलीकडे साष्टी महाल आहे. भाताची खाचरे, खारी शेते, माडांच्या राया, तांबडी माती. तेथील धर्मकार्य येशूसंघाकडे असे. रायतूर व मडगाव ह्या परिसरात स्टीफन्स ह्यांनी आपले उर्वरित आयुष्य घालविले. मधूनमधून संघाने त्यांस विद्यालयाचे रेक्टर नेमले, काही काळ गोवे शहरातील मठातही ठेविले. पण त्यांचे खरे काम गावचे पाद्रीपण हेच होते. मिस्सा, बाप्तिस्मा, मरणासन्नांकडे धाव, बांधावरून झालेली भांडणे ऐकणे, आणि रविवारी दुपारी मुलांना व नवख्रिस्ती मंडळींना जमवून धर्मतत्त्वे शिकविणे. हे सर्व करावयाचे तर भाषा हवी. दुभाष्याच्या तोंडून पापनिवेदन कसे ऐकावयाचे? म्हणून त्यांनी प्रथम लोकांची बोली कोकणी आत्मसात केली, आणि तीत गुरु-शिष्याच्या संवादाने धर्मशिक्षणाचे पुस्तक रचिले. ते त्यांच्या पश्चात १६२२ साली रायतूर येथे छापून निघाले.

येथे थोडे स्वतःविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही सेमिनरीतून नवे बाहेर पडलो, तेव्हा आमची पहिली नेमणूक मेळघाटातील एका ठाण्यावर झाली. पुस्तकी मराठीत आम्ही अर्धा तास प्रवचन केले. उपासनेनंतर एका वृद्ध बाईने मोठ्या मायेने विचारले, की फादरबाबा आज कोणत्या गावचे बोलत होते? ती व तिचा सारा पाडा कोरकू बोलणारा. वऱ्हाडी तरी आम्ही बाजारात शिकलो. कोरकू मात्र इतक्या वर्षांनंतरही आम्हांला अडखळतच येते, आणि पाड्यावरील पापनिवेदन ऐकताना कित्येकदा केवळ मान डोलावण्याची वेळ येते. स्टीफन्स ह्यांचे चरित्र वाचताना आम्हांला सर्वांत अधिक लाज ह्याच ठिकाणी वाटते. असो.

त्यांचे कान किती तीक्ष्ण होते, ह्याची साक्ष दुसऱ्या एका पत्रात आहे. पॅरिस येथे असलेल्या आपल्या रिचर्ड ह्या भावास त्यांनी १५८३ च्या ऑक्टोबरात लिहिताना, ह्या देशाच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, अशी नोंद केली. सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास ह्याच विषयावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले ते १७८६ साली. दोनशे तीन वर्षांनी. त्यांनीच लिहिलेले कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली, दियोगु रिबैरु ह्या दुसऱ्या पाद्रींच्या हातून वाढवून, रायतूर येथेच छापले गेले. छापून प्रसिद्ध झालेले हिंदी भाषेचे, म्हणजे हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेचे, पहिले व्याकरण ते हेच.

परंतु ज्या वर्षी ते भावास पत्र लिहीत होते, ते वर्ष साष्टीच्या इतिहासात रक्ताने माखलेले आहे. ह्याविषयी आम्ही आडपडदा ठेवू इच्छित नाही. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, आणि गावागावांत त्याचा राग धुमसत होता. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच येशूसंघीयांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांचे प्रमुख फादर रुदोल्फ आक्वाविवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहून परत आले होते. ह्या पाचांची प्रेते मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स ह्यांनी खटपट केली. पुढे सरकारने कुंकळ्ळीच्या मुखियांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारिले. पाच धर्मगुरूंना १८९३ साली धन्य घोषित करण्यात आले. आणि त्या मुखियांचेही स्मारक आज कुंकळ्ळीस उभे आहे. एकाचे स्मरण करावयाचे म्हणून दुसऱ्यावर माती लोटावी, असे आमच्या मनास पटत नाही. स्टीफन्स हे ज्या सत्तेच्या छत्राखाली राहत, ती सत्ता तलवारीची होती. ते त्याच गावांतून पुढे छत्तीस वर्षे हिंडले.

त्याच वर्षाअखेर आणखी एक प्रसंग घडला, आणि त्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स हे इंग्रज आणि त्यांच्यासह जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार ह्यांस हुर्मुझ येथे हेर समजून पकडण्यात आले व गोव्याच्या तुरुंगात आणून टाकण्यात आले. ते प्रॉटेस्टंट, त्यांच्याच राज्यात स्टीफन्स ह्यांचे मित्र बेड्यांत होते. तरी स्टीफन्स ह्यांनी धावपळ करून त्यांचा जामीन करविला. १५८४ च्या वसंतात स्टोरीखेरीज बाकीचे तिघे गुपचूप निसटले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा अशी मजल करीत फिच बऱ्हाणपुरास पोचला. बिदर व बऱ्हाणपूर ह्यांच्या दरम्यान तो ज्या बेल्लापोर गावाचा उल्लेख करितो, ते अकोला जिल्ह्यातील, मन नदीकाठचे आपले बाळापूर असे अभ्यासक मानतात. साष्टीच्या पाद्रींनी सोडविलेला माणूस आपल्या बाळापूरच्या वाटेने गेला, ही गोष्ट आम्ही तेथील मंडळींना सांगतो तेव्हा त्यांस मोठी गंमत वाटते. फिच १५९१ साली लंडनला परतला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करणाऱ्यांनी त्याचाच सल्ला घेतला. स्टीफन्स ह्यांस ह्यातले काय कल्पनेत असणार! त्यांनी तुरुंगातील माणसे पाहिली, एवढेच.

आता ज्यामुळे त्यांचे नाव राहिले त्या ग्रंथाकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्यांनी त्याची उत्पत्ती सांगितली आहे. एका रविवारी दुपारी मुलांना धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण उठून पाद्रींस म्हणाला, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केली. मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काही द्याल की नाही? हा प्रश्न विनयाने विचारलेला आहे, परंतु त्यात केवढी तक्रार भरलेली आहे, ते वाचकांनीच पाहावे. ज्या लोकांना संध्याकाळी दिव्याशी बसून ओव्या ऐकण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय, त्यांच्या घरी एकाएकी शांतता पसरली होती. दुसरा कोणी असता तर प्रश्नोत्तरी पुढे करून मोकळा झाला असता. स्टीफन्स ह्यांनी मात्र उतारवयात ओवी हाती घेतली. पैठणचे नाथ वारले ते १५९९ साली, म्हणजे ओवीचा तो थोर कर्ता स्टीफन्स ह्यांचा समकालीनच होता. विल्टशायरच्या ह्या पुत्राने सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा दोन पुराणांत, पहिल्याचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू अशा मांडणीने, जवळजवळ ११,००० ओव्यांत गायिली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. निव्वळ मराठी सामान्य जनांस कळणार नाही म्हणून तेथल्या बोलीतील सोपे शब्द त्यांनी मुद्दाम मिसळले, आणि तसे प्रस्तावनेत सांगूनही टाकले.

ग्रंथ देवनागरी अक्षरांत छापावा, ही त्यांची फार इच्छा होती. गोव्यात छापखाना १५५६ पासूनच होता, पण येथील लिपीची खिळे पाडणे अक्षरांच्या संख्येमुळे दुरापास्त होते. १६०८ साली त्यांनी रोम येथील संघप्रमुखांस ह्याविषयी पत्र लिहिले. इच्छा फळास आली नाही. १६१६ साली रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. त्यानंतर १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोणास सापडलेली नाही.

१६१९ साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. इंग्लंडास ते पुन्हा कधी गेले नाहीत. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. ज्या भाषेचे व्याकरण पाद्रींनी रायतूरला छापून ठेविले होते, तीच आता नकोशी झाली. तरी पुराण टिकले. छापील प्रती नाहीशा झाल्या, पण हाताने उतरविलेल्या पोथ्या घरोघर राहिल्या, आणि गोवे सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. उपवासकाळात त्या ओव्या कित्येक पिढ्या गायिल्या गेल्या. अशाच पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक पोथी आहे, तिच्याकडे जस्टिन ॲबट ह्यांनी १९२५ च्या सुमारास लक्ष वेधले. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यास देवनागरी आवृत्ती काढली, आणि ज्या लिपीसाठी पाद्री आसुसले होते, तीत ते पुराण मराठी वाचकाच्या हाती आले; ३४० वर्षांनी.

बंडेलूंच्या आवृत्तीची एक प्रत आमच्यापाशी आहे. नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडे ती आम्हांस मिळाली. बांधणी सुटली आहे आणि पहिली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. येत्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचे अवस्वरू वाचावयाचे आम्ही योजिले आहे. ज्यांना गळा आहे त्यांनी गावे, ज्यांना नाही त्यांनी ऐकावे. मेळघाटातील आमची मंडळी आली तर त्यांच्यासाठी कथा कोरकूत सांगावयास एक तरुण शिक्षक तयार झाले आहेत, आणि आम्ही त्यांच्याच शेजारी बसून शिकणार आहोत. ज्यांना पोथी घरी नेऊन चाळावयाची असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर पडवीत भेटावे. मात्र पाने मोजून न्यावी आणि मोजूनच परत आणावी.