विश्लेषण : कर्करोग ठरावीक अवयवांतच का पसरतो? स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये काय ओळखले?

स्तनाच्या कर्करोगात रुग्ण दगावतो तो बहुतेकदा मूळ गाठीमुळे नव्हे, तर यकृत, फुप्फुसे, हाडांत पसरलेल्या रोगामुळे. तो ठरावीक अवयवांतच का पसरतो, याचे उत्तर शोधणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक म्हणजे स्टीफन पॅजेट.

कोण होते पॅजेट?

स्टीफन यांचा जन्म १८५५ चा. वडील सर जेम्स पॅजेट हे नामवंत शल्यचिकित्सक. ‘पॅजेट्स डिसीज’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. स्टीफनही लंडनमध्ये शल्यचिकित्सक झाले. रक्तातून वाहणाऱ्या कर्करोगपेशी जिथे अडकतील तिथे गाठ धरतात, असा तेव्हाचा समज होता.

आकडे काय सांगत होते?

पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदन-नोंदी तपासल्या. २४१ रुग्णांच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणांच्या. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळते. मग हा निव्वळ योगायोग कसा? पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे माती. बी सगळीकडे पडले तरी मानवेल त्याच मातीत रुजते, असे त्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले.

पुढे काय झाले?

विसाव्या शतकात ही कल्पना मागे पडली. पॅजेट लेखनाकडे वळले; वडिलांच्या आठवणी व पत्रे त्यांनी संपादित केली. प्राण्यांवरील प्रयोगांचे समर्थन करण्यासाठी १९०८ मध्ये त्यांनी ‘रिसर्च डिफेन्स सोसायटी’ स्थापन केली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात इतर अवयवांच्या ऊतींचे तुकडे रोवले. कर्करोगपेशी फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाही. पॅजेट यांना दुजोरा मिळाला तो प्राण्यांवरील प्रयोगातूनच.

रेणूंची भूमिका कोणती?

‘ई-कॅडहेरिन’ हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवते. ते कमी झाले की पेशी सुटून निघू शकतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगामागे याच प्रथिनाच्या जनुकातील दोष असल्याचे १९९८ मध्ये आढळले. सुटलेली पेशी नव्या ठिकाणी पकड घेते ती ‘इंटिग्रिन’सारख्या रेणूंच्या आधारे.

मग हे रेणू रोखले की झाले?

तितके सोपे नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत ई-कॅडहेरिनच पसरलेल्या पेशींना तगून राहायला मदत करते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे प्रत्येक कर्करोगात बी आणि माती दोन्ही तपासावी लागतात.