लाकडाच्या झोक्यावर गोळी तोलणारा माणूस

नाशिकला राहणाऱ्यांना एक आवाज ओळखीचा असतो. देवळालीच्या बाजूने मधूनच धडाम येतं आणि खिडकीची काच थरथरते. फाळणीच्या आधीच तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली, तेव्हापासून तिथे सराव चालतो. तिथल्या अनेक तोफांमध्ये दारू थैल्यांमध्ये विभागलेली असते. गोळा जवळ टाकायचा तर कमी थैल्या, लांब टाकायचा तर जास्त. मग दारू दुप्पट केली की गोळ्याचा वेगही दुप्पट? मलाही आधी असंच वाटायचं. बीजीएमआय खेळणाऱ्या माझ्या मित्रांना आजही वाटतं.

याचं खरं उत्तर शोधायचा रस्ता दाखवला बेंजामिन रॉबिन्सने. जन्म 1707, इंग्लंडमधलं बाथ. घर गरीब क्वेकर लोकांचं, म्हणजे युद्धाला पाप मानणाऱ्या पंथातलं. आणि पोरगं मोठं होऊन तोफाबंदुकांचं गणित मांडत बसलं! गणित बहुतेक स्वतःच शिकला आणि 1727 मध्ये, जेमतेम विशीत, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुढे वूलिचच्या लष्करी अकादमीत प्राध्यापकाची जागा निघाली. त्याला ती हवी होती, पण मिळाली दुसऱ्यालाच. मग 1742 मध्ये त्याने तोफशास्त्राची नवी तत्त्वं मांडणारं पुस्तकच काढलं.

त्याच्यापुढची अडचण बघा. गोळी डोळ्याला दिसतसुद्धा नाही, आणि तेव्हा स्लो-मो कॅमेरा कुठला? त्याने लोखंडी दांड्याला लाकडाचा जड ठोकळा टांगला, झोक्यासारखा. गोळी त्यात रुतली की झोका मागे जायचा. खाली लावलेली फीत किती ओढली गेली, त्यावरून झोका किती हलला ते कळायचं.

समजा, गोळी 40 ग्रॅमची आणि ठोकळा 25 किलोचा. धडकेनंतर दोघं मिळून सेकंदाला 0.8 मीटर वेगाने सरकले. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि धडकेआधीचा व नंतरचा संवेग सारखाच राहतो. तो इथे जवळपास 20 येतो. त्याला 0.04 किलोने भागा: गोळीचा वेग सेकंदाला 500 मीटर! (खऱ्या झोक्याचं गणित थोडं किचकट असतं, कारण गोळी नेमकी कुठे लागली यावरही ते ठरतं.)

आता दारू. तिच्या वायूने दिलेली ऊर्जा ढोबळमानाने दारूच्या प्रमाणात वाढते, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून दारू दुप्पट केली तर वेग आणि संवेग वाढतो साधारण 1.4 पट. दुप्पट संवेग हवा तर दारू चौपट लागेल. पुढे वूलिचच्याच चार्ल्स हटनने तोफांवर प्रयोग करून हा वर्गमुळाचा नियम पक्का केला.

पण हा हिशेब काळ्या दारूचा. पिस्तुलाच्या काडतुसात आज धूरविरहित दारू असते आणि ती दाब वाढला की आणखी झपाट्याने जळते. त्यामुळे चिमूटभर जास्त भरली तर संवेग थोडाच वाढतो, दाब मात्र उसळतो आणि हातातलं पिस्तूल फुटू शकतं. अमेरिकेत हौशी लोक घरी काडतुसं भरतात, तेही छापील तक्त्यातली मर्यादा पाळून. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हाच आहे, तेव्हा प्रयोग कॅरमच्या स्ट्रायकरवर करा.

रॉबिन्सला आणखी एक गोष्ट सापडली. हवेचा विरोध लोक मोजतच नव्हते, आणि तो तर वेगवान गोळीच्या वजनाच्या शंभरपटीच्या घरात निघाला. ऑयलरसारख्या गणितज्ञाने 1745 मध्ये त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, भरपूर टिपा जोडून. तरुण नेपोलियननेही ते अभ्यासलं होतं.

1749 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ले दुरुस्त करायला नेमलं. मद्रास फ्रेंचांकडून नुकतंच परत मिळालं होतं, तटबंदीची घाई होती. 1750 मध्ये तो कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर पोचला आणि नकाशे आखायला बसला. इथली हवा त्याला मानवली नाही, ताप मागे लागला. 29 जुलै 1751 रोजी त्याच किल्ल्यात तो वारला. वय चव्वेचाळीसच्या आसपास, आणि तटबंदीचं काम अर्धवट.