फादर थॉमस स्टीफन्स : दोन भाषांची सेवा करणारा धर्मगुरू

रविवारी सकाळी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या चर्चमध्ये जाऊन मिस्सांचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात आपल्या समाजाचा इतिहासच वाचावयास मिळतो. एक मिस्सा इंग्रजीत, एक मराठीत, कोठे कोकणीत, तर कोठे तमिळमध्ये. येथील मूळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांची घरची बोली मराठी. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्यांची कोकणी. केरळहून आलेल्या सीरो-मलबार बांधवांची मलयाळम. त्यांच्यासाठी तर १९८८ साली कल्याण या नावाने स्वतंत्र धर्मप्रांतच स्थापन झाला. ही विविधता आपले वैभव आहे. परंतु सणाच्या मिस्सेचे गायन कोणत्या भाषेत व्हावे, कोणत्या भाषेला सोयीची वेळ मिळावी, यावरून आवाज चढतात, हेही आम्ही अनेकदा पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत, मराठी मिस्सेला उपस्थिती कमी असते म्हणून ती बंद करावी काय, असा विषय निघाला. तेव्हा एक वयोवृद्ध गृहस्थ काहीही न बोलता उठून घरी गेले. त्या रात्री आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवावे, असे तेव्हापासून मनात होते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजसत्तेने लॅटिन उपासना रद्द करून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सर्वांवर सक्तीचे केले. पश्चिमेकडील कॉर्नवॉल प्रांतात कॉर्निश ही निराळी भाषा बोलली जाई आणि तेथील कित्येकांना इंग्रजी समजत नसे. त्यांनी शेजारच्या डेव्हन परगण्यातील लोकांसह बंड पुकारले. ते सैन्याच्या बळावर चिरडण्यात आले व हजारो माणसे मारली गेली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॉर्निश ही बोलती भाषा म्हणून लोपली. लोकांनी देवाशी कोणत्या भाषेत बोलावे हे राजाज्ञेने ठरू लागले की काय घडते, याचे उदाहरण स्टीफन्स यांच्या जन्मवर्षीच त्यांच्या मायदेशात घडून गेले होते.

राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीत कॅथलिक उपासना गुन्हा ठरली. विंचेस्टरच्या शाळेत शिकलेल्या स्टीफन्स यांनी थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्यक्षेत्राची ओढ त्यांना होतीच. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. भारतात येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. या प्रवासाचे वर्णन करणारे जे पत्र त्यांनी वडिलांना धाडले, ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले.

गोव्यात गुरुदीक्षा मिळाल्यावर त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली. आपल्या ठाण्याच्या बेटाचे नावही साष्टीच. दोन्ही साष्टींवर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. गोव्याच्या साष्टीचा तो काळ कठीण होता. १५६७ सालापासून तेथील शेकडो मंदिरे पाडली गेली होती आणि जुने धर्मग्रंथ बाळगण्यास बंदी झाली होती. ही गोष्ट आज सांगताना आम्हांस वेदना होतात, परंतु ती झाकून स्टीफन्स यांची थोरवी सांगता येणार नाही. त्याच वर्षी भरलेल्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने, धर्मगुरूंनी लोकांची भाषा शिकली पाहिजे, असेही ठरविले होते. म्हणजे एका हाताने लोकांचे ग्रंथ काढून घेतले जात होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या भाषेचा दरवाजा उघडला जात होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती यांची हत्या झाली. ते स्टीफन्स यांचे सहकारी होते. तरीही त्यांनी साष्टी सोडली नाही.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. भारतीय भाषांचे उच्चार मधुर आहेत आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी जे प्रतिपादन केले, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना अडाण्यांची बोली वाटणारी भाषा या विद्वान संन्याशाला युरोपच्या अभिजात भाषांच्या पंक्तीत बसणारी वाटली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. साष्टीतील लोक घरात, शेतात आणि बाजारात कोकणी बोलत. परंतु पुराण ऐकावयाचे, ओवी म्हणावयाची ती मराठीत. स्टीफन्स यांनी यांपैकी एकीची निवड करून दुसरी टाकली नाही. लहान मुलांना व नव्या भाविकांना धर्मशिक्षण देण्यासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका रचली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राचोल येथे छापली गेली. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. फादर दियोगू रिबैरू यांनी त्यात भर घातल्यावर ते १६४० साली प्रसिद्ध झाले. कोकणीचे ते पहिले छापील व्याकरण होय. आणि ज्या ग्रंथाने त्यांचे नाव अमर केले, ते ख्रिस्तपुराण त्यांनी मराठी ओवीत रचले.

ख्रिस्तपुराण निर्माण होण्याचे कारण ग्रंथातच सांगितले आहे. नवख्रिस्ती लोकांनी आपली अडचण पाद्रींपुढे मांडली. जुनी पुराणे वाचावयाची नाहीत तर आम्ही वाचावे तरी काय, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. उत्तरादाखल स्टीफन्स यांनी बायबलमधील तारणाची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत गुंफली. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराचा वृत्तांत, तर दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवी त्यांनी घेतली आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरला. मराठी ही सर्व भाषांत साजिरी, असा तिचा गौरव त्यांनी ग्रंथारंभी केला. इंग्लंडच्या माणसाने पोर्तुगीज राज्यात राहून मराठीचे इतके मनःपूर्वक स्तवन करावे, हे आजही चकित करणारे आहे.

ग्रंथ छापण्याची अडचण वेगळीच होती. स्थानिक लिपीचे खिळे पाडावेत, अशी त्यांची इच्छा होती व त्यासाठी १६०८ साली त्यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्रही लिहिले. रोमन लिपीला दोन डझन खिळे पुरत, येथे जोडाक्षरांसह शेकडो लागत. ती योजना सिद्धीस गेली नाही. १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६१९ साली, भारतात चाळीस वर्षे सेवा करून, फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले. ते आपल्या मायदेशी पुन्हा कधीच गेले नाहीत.

त्यांचा कित्ता इतरांनी गिरविला. एटिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटरविषयी मराठी पुराण रचले. ते १६२९ पासून छापले जाऊ लागले. आपल्या उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीतही फादर फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण लिहिले व ते १६५९ साली लिस्बनमध्ये छापले गेले. वसई-साष्टीच्या भाविकांनी ते पिढ्यान्पिढ्या म्हटले.

परंतु राज्यकर्त्यांचे मन बदलले. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने पोर्तुगीज सत्ता हादरली होती. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर सोडण्यास व तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्यास लोकांना फर्माविले. लोकांची भाषा शिकण्याचा त्रास नको असलेल्या काही धर्मगुरूंचाच याला पाठिंबा होता, हे आम्ही धर्मगुरू या नात्याने खेदपूर्वक नमूद करतो. १७४५ साली तर पोर्तुगीज येत नसेल त्यास विवाह करता येणार नाही, असे चर्चच्या अधिकाऱ्यांनीच बजावले. छापखानेही थंडावले. १६७४ नंतर १८२१ पर्यंत गोव्यात छपाई झाली नाही.

हुकमाने भाषा मेली काय? नाही. कागदावर बंद झालेले पुराण लोकांच्या कंठात व हस्तलिखितांत राहिले. गोवा सोडून कॅनरात गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणात बंदिवासात ठेवले, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून ख्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखित आढळले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला.

स्टीफन्स ज्या दोन भाषांत सहज वावरले, त्यांचे अनुयायी मात्र विसाव्या शतकात एकमेकांसमोर उभे राहिले. १९६७ चा गोव्यातील जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या आगेमागे कोकणी-मराठी वाद किती टोकाला गेला, हे अनेकांना आठवत असेल. असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. बेल्जियममध्ये १४२५ साली स्थापन झालेले लूव्हँचे कॅथलिक विद्यापीठ फ्लेमिश व फ्रेंच भाषकांच्या संघर्षात दुभंगले. त्या वादात १९६८ साली तेथील सरकारही कोसळले. एकाच वेदीभोवती जमणाऱ्या लोकांना भाषेने विभागले. त्याच विद्यापीठात शिकलेले, फ्रेंचच्या वर्चस्वाने व्यथित झालेले फ्लेमिश तरुण कामिल बुल्के येशूसंघीय होऊन १९३५ साली भारतात आले. येथे त्यांनी हिंदी आपलीशी केली, रामकथेवर संशोधन केले आणि १९७४ साली पद्मभूषण मिळविले. स्वभाषेचे दुःख त्यांनी परभाषेच्या सेवेत ओतले. त्यांच्यात आम्हांस स्टीफन्स यांचा वारसा दिसतो.

ठाण्याच्या भूमीला हा धडा नवा नाही. १३२१ साली येथे हुतात्मे झालेल्या चौघांपैकी तिघे फ्रान्सिस्कन संन्यासी होते. चौथे डेमेट्रियस हे भाषा जाणणारे, दुभाष्याचे काम करणारे सोबती होते. दुसऱ्याची भाषा समजून घेणारा माणूस आपल्या श्रद्धेच्या इतिहासात प्रारंभापासून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेत स्थान दिले, तेव्हा स्टीफन्स यांची दूरदृष्टी चर्चनेही मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आम्ही कोणत्याही भाषेच्या मिस्सेविरुद्ध नाही. मुलांना इंग्रजी सोपी जाते, हे वास्तव आहे. मलयाळम वा कोकणी बांधवांची आपल्या भाषेची ओढही तितकीच खरी आहे. परंतु संख्या मोजून एखाद्या भाषेचे दार लावण्यापूर्वी, बैठकीतून मुकाट्याने उठून जाणाऱ्या त्या वृद्धाचा विचार व्हावा. ज्या शब्दांत त्याने आईच्या मांडीवर क्रुसाची खूण शिकली, ते शब्द त्याला अखेरपर्यंत वेदीजवळ ऐकू यावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांनीही, मराठीचा अभिमान केवळ बैठकीत न दाखवता, मराठी मिस्सेला मुलानातवंडांसह उपस्थित राहावे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका माणसाने आपल्या भाषेसाठी आयुष्य वेचले. आपण तिच्यासाठी रविवारचा एक तास काढू शकतो.