थॉमस मिजली : थंड हवेचा इंजिनिअर

मेकॅनिकलच्या मुलांना आर.ए.सी.च्या व्हायवात हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, आर-12 गॅस का बंद झाला? 'ओझोन' असे एका शब्दात उत्तर देऊन आपण सुटतो. पण 1980च्या दशकातली पोर्शे 911 सांभाळणाऱ्या माणसाला एवढ्यावर सुटता येत नाही. त्या गाडीचा ए.सी. आर-12वर चालतो आणि नवा आर-12 आता कुणी बनवत नाही. ए.सी. पुन्हा चालू करायचा तर निम्मी सिस्टीम उघडावी लागते. ह्या सगळ्या खटाटोपाचे मूळ ज्या माणसापाशी आहे, तो आपल्यासारखाच मेकॅनिकल इंजिनिअर होता.

थॉमस मिजलीचा जन्म 18 मे 1889चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. 1911 साली त्याने कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकलची डिग्री घेतली. 1916 मध्ये तो ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. मोटारीचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बनवणारा तोच हा केटरिंग. त्याने मिजलीला काम दिले ते इंजिनातले नॉकिंग थांबवण्याचे.

केमिस्ट्री त्याचा विषय नव्हता. तरी पठ्ठ्याने पेट्रोलमध्ये एकामागून एक पदार्थ घालून बघितले. टेल्युरियमने नॉकिंग थांबायचे, पण काम करणाऱ्यांच्या अंगाला लसणासारखा असा वास यायचा की कुणी जवळ उभे राहीना! शेवटी 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राइथिल लेड सापडले. चिमूटभर घातले की इंजिन गप्प. 1923 पासून ते 'इथिल' नावाने विकायला आले. नावात शिशाचा, म्हणजे लेडचा, पत्ताच नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही जगाला माहीत होते. खुद्द मिजलीला त्याची बाधा झाली आणि 1923च्या सुरुवातीला कामावरून सुटी घेऊन त्याला फ्लोरिडात जाऊन राहावे लागले. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे 5 कामगार वेड्यासारखे होऊन मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतून घेतले, मिनिटभर हुंगून दाखवले आणि काही धोका नाही असे सांगितले. त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग वाचताना आजही मान खाली जाते.

दुसरा शोध मात्र वेगळ्या जातीचा. त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथिल क्लोराइड भरत. गळती झाली की जिवाशी खेळ, झोपेत माणसे दगावल्याच्या बातम्या यायच्या. 1928 मध्ये केटरिंगने मिजलीला विषारी नसलेला आणि पेट न घेणारा गॅस शोधायला सांगितले. मिजली आणि त्याचे सहकारी हेन व मॅक्नरी पिरिऑडिक टेबल पुढ्यात घेऊन बसले. फ्लोरिनची संयुगे विषारीच असणार असा तेव्हाचा समज होता. ह्यांनी मात्र कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट धरला की तो गॅस शरीरात काही उपद्रव करणार नाही. तयार झाले ते डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, म्हणजेच आपला आर-12. पहिल्या परीक्षेत गिनिपिग मजेत जिवंत राहिले. 1930 साली मिजलीने भर सभेत हा गॅस छातीत ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध! पुढे दहा वर्षांच्या आत पॅकार्ड कंपनीने मोटारीत ए.सी. दिला आणि नंतर आर-12 गाडीगाडीत पोचला.

1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला. पाय गेले. पलंगावरून उठायला त्याने स्वतःच दोऱ्या आणि पुलींची यंत्रणा बनवली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा अडकून तो गेला. वय 55. त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

पुढचे त्याने पाहिलेच नाही. ज्या घट्ट बंधांमुळे आर-12 सुरक्षित होता, त्यामुळेच तो हवेत विघटित होईना. सुमारे शंभर वर्षे टिकणारा हा गॅस वर चढतो, तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरिन सुटतो आणि ओझोन खातो. हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 साली मांडले. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाले आणि 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला.

आता पुन्हा त्या 911कडे या. आर-12च्या जागी आर-134ए भरायचा, तर नुसता गॅस बदलून भागत नाही. जुने मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून ते काढून एस्टर किंवा पॅग ऑइल घालायचे. ओ-रिंगा बदलायच्या. रिसीव्हर-ड्रायर नवा बसवायचा, कारण आतला ओलावा शोषणारा पदार्थ नव्या गॅसला चालणारा हवा. रबरी होज तर बदलावेतच, कारण नव्या गॅसचे रेणू लहान, जुन्या रबरातून पाझरतात. त्यातून 911चे इंजिन मागे, इव्हॅपोरेटर पुढे, त्यामुळे होज गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंडेन्सर इंजिनाच्या झाकणावर, म्हणजे तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर. नव्या गॅसचे प्रेशर उन्हाळ्यात जास्त चढते, म्हणून मोठा कंडेन्सर लावावा लागतो. चार्ज जुन्या वजनाच्या साधारण 80 ते 85 टक्केच. सर्व्हिस पोर्टही वेगळे, म्हणजे चुकून दोन गॅस एकत्र होऊ नयेत. गंमत म्हणजे आर-134एसुद्धा पृथ्वी तापवतो, म्हणून तोही आता मागे पडत चालला आहे.

आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातला शेवटचा पंप बंद व्हायला 2021 उजाडले. मिजलीला खलनायक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, त्याच्या दोन शोधांना एकाच मापाने मोजू नये. आर-12च्या वेळी वर आकाशात काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या गॅसने फ्रिजपायी जाणारे जीव खरोखर वाचवले. शिशाच्या वेळी मात्र त्याला माहीत होते, त्याच्याच अंगात ते भिनले होते. तरी तो हात पुढे करून उभा राहिला.

उद्या आपणही कुठल्यातरी कंपनीत कुणाच्या तरी हाताखाली प्रॉब्लेम सोडवायला बसणार आहोत. न कळून झालेली चूक पुढची पिढी ओ-रिंगा बदलून निस्तरते. कळून केलेल्या चुकीला असा रिट्रोफिट किट मिळत नाही.