ज्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्यानेच घराघरात गाणं पोहोचवलं

घरात नवा साऊंडबार घ्यायचा ठरला की पहिलं काम काय? यूट्यूबवर रिव्ह्यू बघायचे. किती वॅट, बास कसा, आवाज फाटतो का, सगळं तपासायचं. या सगळ्यात एका गोष्टीकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. ती म्हणजे आपले स्वतःचे कान.

पण घरी बसून रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकायची सोय ज्याच्यामुळे झाली, त्याची अडचण नेमकी कानांचीच होती. नाव थॉमस अल्वा एडिसन. शाळेच्या पुस्तकामुळे तो आपल्याला बल्बवाला म्हणून माहीत आहे. पण जगाला फोनोग्राफ देणारा हा माणूस लहानपणापासून जवळपास बहिरा होता.

रेल्वेत पेपर विकणारा पोरगा

११ फेब्रुवारी १८४७ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मिलान गावात त्याचा जन्म झाला. सात भावंडांमधलं हे शेंडेफळ. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला आलं. शाळा काही फार टिकली नाही, आईनेच घरी शिकवलं. १२ व्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला.

त्याच सुमारास ऐकू येणं कमी व्हायला लागलं. असं का झालं, याचे दोन किस्से सांगितले जातात. एकात चालत्या गाडीत चढताना कुणीतरी त्याला कान धरून वर ओढलं. दुसऱ्यात डब्यात केलेल्या प्रयोगामुळे आग लागली आणि चिडलेल्या कंडक्टरने त्याच्या कानाखाली वाजवली. पण लहानपणीचा स्कार्लेट फीवर आणि कानाचे वारंवार झालेले संसर्ग, हे कारण जास्त पटण्यासारखं मानलं जातं. बाराव्या वर्षानंतर आपण पक्ष्याची किलबिल ऐकलीच नाही, असं तो पुढे सांगायचा.

मग तो तार ऑपरेटर झाला. कमी ऐकू येणाऱ्याने हे काम करायचं, हे विचित्र वाटेल. पण तिथे त्याचा फायदाच झाला. खोलीतला गोंगाट आणि शेजारच्या यंत्रांचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. आपल्या यंत्राची टकटक तेवढी ऐकू यायची.

मोर्सच्या या टकटकीने त्याला आयुष्यभर साथ दिली. पहिल्या दोन मुलांची लाडाची नावं त्याने डॉट आणि डॅश ठेवली. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर मिना मिलरला लग्नाची मागणी घातली, तीही तिच्या हातावर मोर्स कोड वाजवून. १८८६ मध्ये त्यांचं लग्न झालं.

बोटाला टोचलेला आवाज

१८७६ मध्ये एडिसनने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच वर्षी तो टेलिफोनचा आवाज मोठा आणि स्पष्ट करण्याच्या मागे लागला. बेलच्या टेलिफोनमधला बारीक आवाज इतरांनाही जेमतेम ऐकू यायचा, याचं तर विचारायलाच नको.

टेलिफोनच्या पातळ पडद्याला सुई लावून तो बोलला, की सुई बोटाला टोचायची. जो आवाज कानाला कळत नव्हता, तो बोटाला कळत होता. मग त्याच्या डोक्यात आलं, की सुई बोटाला टोचते, तर ती कशावर तरी खूणही उमटवेल. आणि त्या खुणेवरून सुई परत फिरवली, तर पडदा पुन्हा तसाच थरथरेल.

त्याचा कारागीर जॉन क्रूसीने यंत्र बनवलं. कथलाच्या पातळ पत्र्यावर एडिसनने लहान मुलांचं एक बडबडगीत म्हटलं आणि यंत्राने ते परत ऐकवलं. १९ फेब्रुवारी १८७८ ला पेटंट मिळालं. पण तो पत्रा काही वेळा वाजवला की खराब व्हायचा. एडिसन बल्बकडे वळला आणि सुमारे १० वर्षांनी, मेणाचे सिलिंडर घेऊन, फोनोग्राफकडे परतला. त्याच्या डोक्यात ऑफिसमधली पत्रं तोंडी सांगण्यासाठी हे यंत्र होतं. लोकांना मात्र गाणी हवी होती.

दातांनी ऐकलेलं गाणं

गाणी रेकॉर्ड करायची म्हटल्यावर कोणती घ्यायची, हे ठरवणार कोण? एडिसन स्वतः. तो भोंग्याला कान लावायचा. तेवढ्याने भागलं नाही, तर फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडात चक्क दात रोवायचा.

हा वेडेपणा नव्हता. एरवी आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तिथून तीन चिमुकल्या हाडांमधून शंखासारख्या आतल्या कानात जातो. पण कवटीच्या हाडांमधूनही तो थेट आत पोहोचू शकतो. विश्वास बसत नसेल तर दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा आणि पापड खा. कुरकुर केवढ्याने ऐकू येते बघा! आजचे बोन कंडक्शन हेडफोन याच तत्त्वावर चालतात.

अर्थात, आतला कान शाबूत असेल तरच ही युक्ती चालते. एडिसनला तर वाटायचं, की वर्षानुवर्षं बाहेरचा गोंगाट न पोहोचल्याने आपला आतला कान इतरांपेक्षा जास्त तल्लख राहिला आहे.

यंत्र जिंकलं, आवड हरली

१९१२ मध्ये त्याने डायमंड डिस्क आणली. जाडजूड तबकडी आणि तिच्यावर हिऱ्याची सुई. भोंग्यात गाऊन केलेल्या त्या काळातल्या रेकॉर्डमध्ये हिचा आवाज सर्वात चांगल्यांपैकी होता, असं जुन्या रेकॉर्ड जमवणारे आजही मानतात.

१९१५ पासून कंपनीने टोन टेस्ट नावाचे कार्यक्रम केले. स्टेजवर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे बंद. आता कोण गातंय, गायिका की यंत्र? हा खेळ १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही झाला. अशा कार्यक्रमांत गाणाऱ्या अ‍ॅना केसने अनेक दशकांनी सांगितलं, की यंत्राशी जुळावा म्हणून ती आपला आवाज आवरता घ्यायची.

म्हणजे यंत्र चांगलं होतं. मग घोडं अडलं कुठे? एडिसनच्या आवडीत. त्याला गायकांच्या आवाजातलं कंपन खपायचं नाही. जॅझ आवडायचं नाही. माणसं यंत्राच्या दर्जासाठी रेकॉर्ड घेतील, गायकाच्या नावासाठी नाही, असं त्याने धरलं. सुरुवातीच्या डायमंड डिस्कवर गायकांची नावंही छापली नाहीत. तिकडे व्हिक्टर कंपनी कारुसोच्या नावावर रेकॉर्ड खपवत होती. आणि आपल्याकडे तर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गाताना गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत होती! नाव किती महत्त्वाचं असतं, हे तिला बरोबर कळलं होतं.

भरीस भर, एडिसनची तबकडी व्हिक्टरच्या यंत्रावर वाजत नव्हती. मग रेडिओ आला. १९२५ मध्ये दुसऱ्या कंपन्यांनी मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू केलं, एडिसनची कंपनी तिथे दोन वर्षं उशिरा पोहोचली. ऑक्टोबर १९२९ मध्ये तिने रेकॉर्ड काढणं बंद केलं. १८ ऑक्टोबर १९३१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी एडिसन गेला.

मग आपण यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, कमी ऐकू येणाऱ्याला संगीताचा आनंद घेता येत नाही, हा गैरसमज आहे. एडिसनने तो बोटाने घेतला, दातांनी घेतला.

दुसरी गोष्ट, आपल्याला ऐकू येतं तेच खरं, असं धरून दुसऱ्यासाठी आवाज निवडू नका. जाहिरातीत २०,००० हर्ट्झ लिहिलेलं असतं, पण वय वाढतं तसे सर्वात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. तुम्हाला स्वच्छ वाटणारा स्पीकर आईबाबांना पुटपुटल्यासारखा वाटू शकतो. म्हणून दुकानात जाताना त्यांनाही सोबत न्या, त्यांच्या ओळखीचं गाणं लावायला सांगा. आणि घरात टीव्हीचा आवाज दर महिन्याला एकेक घर वर चढत असेल, तर नव्या स्पीकरच्या आधी कानांची तपासणी करून घ्या. एडिसनच्या काळात ही सोय आजच्याइतकी सहज मिळत नव्हती. आपल्याकडे ती आहे.